तात्यांचा सत्कार, वेशीतलं डिजिटल आणि जमालपूर

तांबडापांढरा | ७ नोव्हेंबर, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आमचे तात्या, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, पहिल्या मराठ्यात, म्हणजे मराठा लाईट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत होते. जंगी पलटण म्हणतात तिला. एकाहत्तरच्या पाकिस्तान युद्धात पूर्वेकडं, आजच्या बांगलादेशातल्या जमालपूरला. हवालदार म्हणून पेन्शनीत आले, मग गडहिंग्लज तालुक्यातल्या आमच्या गावात शेती, दूध संस्था, पोरांची लग्नं. आता वय ७७. गुडघे कुरकुरतात, डावा कान गेलाय, बाकी गडी खणखणीत.

१६ डिसेंबरला विजय दिवस. गावातल्या तरुण मंडळानं परस्पर ठरवलंय की तात्यांची उघड्या जीपमधून मिरवणूक काढायची, हलगी-घुमकं लावायचं, फेटा बांधायचा आणि वेशीत मोठं डिजिटल, म्हणजे छापील फ्लेक्स, उभं करायचं. डिजिटलचा नमुना मला व्हॉट्सॲपवर आला. मधे तात्या, मागं रणगाडा, वर विमान, खाली 'शत्रूचा कर्दनकाळ'. रणगाडा कुठला, विचारलं तर अध्यक्ष म्हणतो, "भावा, गुगलवरनं घेतला. चांगला दिसतोय की." तात्या पायदळातले. एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, खांद्यावर घेऊन चालणारा माणूस.

तात्यांना विचारलं तर म्हणाले, "माझी वरात काढायचीच असंल तर मेल्यावर काढा, तवा मी आडवा येणार न्हाई."

विषय संपला असता. पण मला स्वतःला असं वाटतंय की काहीच नाही केलं तर तेही बरोबर नाही. घरात आम्हाला त्या लढाईतलं काय माहितीये? दोन वाक्यं. "नदी लई गार हुती" आणि "बलूच लोक लई धाडसानं आले." पन्नास वर्षांत या दोन वाक्यांपुढं गाडी गेली नाही. एक पत्र्याची ट्रंक आहे, तिला कुलूप आहे, किल्ली तात्यांच्या करगोट्याला.

ज्यांच्या घरात असं कुणी आहे किंवा होतं, त्यांनी काय केलं? सत्कार केला, लिहून घेतलं, का गप्प बसले? आणि कागदपत्रं कुठं मिळतात? सविस्तर लिहा.

दुधकट्टा | ७ नोव्हेंबर, रात्री १०:३१

रणगाड्याच्या जागी म्हस ठेवा. दूध संस्थेत होते न्हवं? निदान खरं तरी हुईल.

नाना_बिगुल | ७ नोव्हेंबर, रात्री ११:०५

जय हिंद. मी चंदगडचा, मराठा लाईट इन्फंट्रीचाच. माझी भरती शहाऐंशीची, त्यामुळं एकाहत्तर आम्ही बेळगावला उस्तादांच्या तोंडून ऐकलं. काका जंगी पलटणीचे आहेत म्हटल्यावर आधी माझा राम राम सांगा. १७६८ सालची पलटण आहे ती.

जमालपूरचं थोडक्यात सांगतो, म्हणजे तुम्हाला विचारायला बरं पडेल. ९५ माउंटन ब्रिगेड, कमांडर ब्रिगेडियर एच. एस. क्लेर. जंगी पलटणीचे सीओ, म्हणजे कमांडिंग ऑफिसर, लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार. जमालपूर शहर ब्रह्मपुत्रेच्या दक्षिण काठावर, आत पाकिस्तानची ३१ बलूच पलटण पक्के मोर्चे करून बसलेली. समोरून भिडण्याऐवजी आपले लोक नदी ओलांडून शहराच्या पाठीमागं गेले आणि टांगाईलमार्गे ढाक्याला जाणारा रस्ता अडवून बसले. ब्रिगेडियरनं एका माणसाच्या हाती शरण येण्याची चिठ्ठी पाठवली. तिकडून कर्नल सुलतान अहमदनं उत्तर धाडलं ते कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून. १० डिसेंबरच्या रात्री बलूच बाहेर पडले आणि थेट आपल्या मोर्च्यांवर आले. रात्रभर चाललं. त्यांची माणसं फार पडली. ११ तारखेला टांगाईलजवळ आपली २ पॅरा पलटण विमानातून छत्रीनं उतरली आणि पुढं त्या रस्त्यावर आपली पलटण त्यांना जाऊन मिळाली. ही २ पॅरा मूळची ३ मराठा, म्हणजे भाऊच भावाला भेटला.

आता महत्त्वाचं. काकांना "चिठ्ठीत गोळी होती का हो?" असं विचारू नका. शिपायाला ते तेव्हा माहीत नसतं. त्याला त्याचा मोर्चा, डाव्या हाताचा जोडीदार, उजव्या हाताचा जोडीदार आणि पाठीमागं ओरडणारा सेक्शन कमांडर, एवढंच माहीत. बाकीची लढाई त्यालाही नंतर पुस्तकातच भेटते.

कागदपत्रांपैकी डिस्चार्ज बुक हा राजा. त्यात सर्व्हिस नंबर, भरती आणि डिस्चार्जची तारीख, मेडलं, शिक्षण, वर्तणूक, अंगावरच्या खुणा सगळं असतं. त्यानंतर पीपीओ, म्हणजे पेन्शनचा आदेश. मेडलं असतील तर कडेवर किंवा मागच्या बाजूला बारीक अक्षरात नंबर आणि नाव कोरलेलं असतं, भिंगातून बघा. एकाहत्तरला पूर्वेकडं लढलेल्याला पूर्वी स्टार, पश्चिमेकडं पश्चिमी स्टार. संग्राम मेडल दोन्हीकडच्यांना. शिवाय स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं एक. ब्रासो लावून घासू नका, अक्षरं जातात.

वाडीची_लेक | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:४८

धागा वाचून राहवलं नाही. माझे वडीलही एकाहत्तरला होते, पण पठाणकोटकडं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांच्याकडून काही लिहून घेतलं नाही कुणी. पण आई आहे, आणि लढाईचं निम्मं आईकडं होतं हे आम्हाला फार उशिरा कळलं.

आईला अक्षरओळख नव्हती. वडिलांचं इनलँड यायचं, वर ५६ एपीओचा, म्हणजे फौजेच्या टपालाचा शिक्का. ते वाचायला मास्तर आणि उत्तर लिहायलाही मास्तरच. मास्तर परका पुरुष. त्याच्यासमोर बायको नवऱ्याला काय लिहिणार? "घरची सर्व मंडळी खुशाल, थोरलीला रेडकू झालं, पाऊस बरा." बास. आई म्हणते, थोरली म्हणजे म्हैस नाही, थोरली म्हणजे मी, हे त्यांनी ओळखायचं. माझा जन्म वडिलांना असा कळला. मास्तर मात्र वर्षभर विचारत राहिले, दूध किती देतेय म्हणून.

तेव्हा तात्यांना गाठायच्या आधी काकूंना गाठा. तात्या मोर्च्यात होते तेव्हा काकूंचं लग्न झालेलं होतं का? पगाराची मनिऑर्डर कुणाच्या नावानं यायची? रेडिओ कुणाकडं होता गावात? तार घेऊन येणारा पोस्टमन दिसला की बायका कुठं लपायच्या? हे कुठल्याही पुस्तकात नसतं.

आणि जुन्या माणसांना तारीख विचारू नका, सण विचारा. आईला ३ डिसेंबर माहीत नाही. पण "दत्तजयंतीला नृसिंहवाडीला जाऊन आले आणि लगेच रेडिओवर लढाई लागल्याचं सांगितलं" हे पक्कं. पडताळून बघितलं, अगदी बरोबर आहे. त्या वर्षी दत्तजयंती डिसेंबरच्या अगदी सुरुवातीला होती आणि ३ तारखेच्या संध्याकाळी पाकिस्ताननं आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले.

उलटतपास | ८ नोव्हेंबर, सकाळी ९:२०

थोडं कडू बोलतो. प्रत्येक घरातला आजोबा हल्ली एकटाच रणगाडा उडवून आलेला असतो. ज्यांनी स्टोअरमध्ये ब्लँकेटं मोजली त्यांच्या नातवांनीही बायोनेट चार्ज केल्याच्या पोस्टी टाकल्यात. ब्लँकेटं मोजणं हीसुद्धा लढाईच, ती पोचली नाहीत तर पुढचा गारठून मरतो. पण मग तसं सांगा ना.

लिहून घ्या, जरूर घ्या. पण ऐकलेलं, वाचलेलं आणि स्वतः पाहिलेलं वेगवेगळं ठेवा. वयाच्या ७७ व्या वर्षी माणूस पिक्चरमधलं दृश्यही स्वतःचं म्हणून सांगतो, आणि तो खोटं बोलत नसतो.

नाना_बिगुल | ८ नोव्हेंबर, सकाळी ९:५१

उलटतपास, मान्य. फक्त समोरासमोर उलटतपासणी घेऊ नका. म्हाताऱ्यानं "पाचशे आले" म्हटलं की पोरगा मोबाईल काढून "तात्या, नेटवर वेगळं दिलंय" म्हणतो. एकदा असं केलं की दार बंद. तुम्ही नंतर समासात काय ते लिहा.

सेनिओ_१९४५ | ८ नोव्हेंबर, दुपारी १:१५

आमचं प्रकरण अजून जुनं. आजोबांचे थोरले भाऊ दुसऱ्या महायुद्धात इटलीत गेले ते आलेच नाहीत. पाचवी मराठा लाईट इन्फंट्री. घरात फोटो नाही, मेडल नाही, फक्त पणजी दर पितृपक्षात त्यांचं पान वाढायची आणि "विलायतेत गेला" म्हणायची. इटली हा शब्दच घरात नव्हता.

मला ते सापडले ते कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाईटवर. फुकट आहे, नाव आणि रेजिमेंट टाकून शोधता येतं. अडचण स्पेलिंगची. साहेबानं कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलंय. आडनावावरून शोधून काही मिळालं नाही, शेवटी गावाचं नाव टाकून बघितलं. कारण बऱ्याच नोंदींत वडिलांचं नाव आणि गाव दिलेलं असतं. इटलीत फोर्लीला भारतीय सैन्याची स्मशानभूमी आहे, आणि ज्यांना अग्नी दिला त्यांच्यासाठी तिथंच वेगळं स्मारक, त्यावर नावं. आमचं नाव त्या स्मारकावर आहे. गावाचं नाव चुकलंय, 'व' चा 'ब' झालाय, पण आहे.

ज्यांना वाटतं की इटलीत आपले चार-दोन लोक असतील, त्यांच्यासाठी: पन्नास हजार भारतीय लढले तिथं, ५,७८२ मेले. त्या मोहिमेत २० व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, दिले गेले, त्यांतले सहा भारतीयांना. दोन आपल्याच रेजिमेंटचे. यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, टायबरच्या खोऱ्यात, मरणोत्तर. आणि नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदीवर. माझं इथलं नाव त्या नदीवरूनच. घाडगे रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचे. २०२३ मध्ये इटलीतल्या मोन्तोने गावात त्यांच्या नावानं सूर्यघड्याळाचं स्मारक उभारलं. सूर्यघड्याळ! डिजिटलपेक्षा बरं नाही का?

अजून एक कोल्हापुरी गोष्ट. आमचा माणूस इटलीत मेला त्याच काळात वळिवड्याला, आताच्या गांधीनगरजवळ, पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. १९४३ ते ४८, पाचएक हजार माणसं, बहुतेक बायका आणि पोरं. त्यांतल्या कित्येकींचे नवरे-भाऊ पोलंडच्या सैन्यातून इटलीतच लढत होते. पंचगंगेच्या काठावरच्या या बायका आणि आमची पणजी एकाच मुलखातल्या बातमीची वाट बघत होत्या आणि एकमेकींना ठाऊक नव्हतं. महावीर उद्यानात पोलिश लोकांचा स्तंभ आहे, फिरायला जाता तेव्हा वाचा कधीतरी. आपल्या गेलेल्यांचा असा दगड शहरात मधोमध कुठं आहे ते मला कुणीतरी दाखवा.

दुधकट्टा | ८ नोव्हेंबर, दुपारी १:४०

महावीर गार्डनला रोज चालायला जातो, त्या खांबाला पाठ लावून व्यायाम करतो. उद्या वाचतो.

टाकळीचा_फौजी | ८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३३

आम्ही सैनिक टाकळीचे, ता. शिरोळ. गावाच्या नावातच सैनिक, त्यामुळं आमच्याकडं सत्काराचा सुकाळ. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. माझ्या चुलत्यांच्या कपाटात इतक्या शाली आहेत की लग्नाच्या आहेरात त्याच फिरतात. पण पहिल्या महायुद्धापासून गावातून कोण कुठं गेला आणि कुठल्या पलटणीत, हे घराघरात विचारत फिरावं लागतं. स्मारकावर नावं आहेत, नावामागचा माणूस नाही.

तांबडापांढरा, सत्काराला सरसकट नाही म्हणू नका. काही म्हाताऱ्यांना आवडतं. आमच्या चुलत्यांना आवडायचं, फेटा बांधला की दोन दिवस उतरवायचे नाहीत. तुमच्या तात्यांना नको असेल तर नको. विचारून करा, एवढंच.

तांबडापांढरा | १६ नोव्हेंबर, रात्री ९:२२

सगळ्यांचे आभार. काय झालं ते सांगतो.

वाडीची_लेक यांचं ऐकून आधी काकूंकडं बसलो. शेंगा फोडत बसलो होतो, ती मग सुटलीच. एकाहत्तरला त्यांचं लग्न ठरलेलं होतं, झालेलं नव्हतं. तात्यांची रजा रद्द झाली आणि मुहूर्त गेला. भावकीतल्या एकानं काकूंच्या वडिलांना सुचवलं, "फौजेतला, येतोय न येतोय, दुसरं बघा." काकूंच्या वडिलांनी त्याला चहा पाजून वाटेला लावलं. हे तात्यांनाही माहीत नव्हतं! ते सोप्यात बसून ऐकत होते, एकदम ओरडले, "कोण म्हणालं हुतं? नाव सांग त्याचं!" तो माणूस वारून तीस वर्षं झाली असतील.

त्या रागात किल्ली निघाली.

ट्रंकेत: डिस्चार्ज बुक, लाल कापडात बांधलेली मेडलं, एक हातानं शिवलेला बटवा, ९९ एपीओचा शिक्का असलेली तीन-चार पाकिटं, रेजिमेंटचा बिगुलाचा बिल्ला. पूर्वी स्टार आहे. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं आहे. संग्राम मेडल नाही. ते नातवानं शाळेत वेशभूषा स्पर्धेला नेलं होतं, पहिला नंबर आला, मेडल गेलं. तात्या कधी कुणाला बोलले नाहीत त्याबद्दल.

मग बोलले. मी मोबाईल एअरप्लेन मोडवर टाकून उजव्या कानाच्या बाजूला ठेवला, पंखा बंद केला. लढाईचं काही विचारलं नाही. विचारलं, "तात्या, पायात काय होतं?" त्यांनी माझ्याकडं जरा बघितलं. मग पाऊण तास बुटावर. नदीत उतरताना बूट काढायचे का ठेवायचे यावर सेक्शनमध्ये झालेली चर्चा. काढले तर पलीकडं काटे, ठेवले तर जड. यांनी ठेवले. पलीकडं गेल्यावर बुटात पाणी, वर डिसेंबरची थंडी, आणि बसायचं खंदकात. "बूट ढाक्यापत्तोर वाळलं न्हाईत," म्हणाले. पायाच्या बोटांची कातडी मोज्याबरोबर निघाली ते दाखवायला त्यांनी चप्पल काढली, अजून दोन बोटांना नखं नाहीत. मी हे पाय आयुष्यभर बघतोय, पाद्यपूजेला धुतलेत. कधी विचारलं नव्हतं.

एलएमजीला दोन माणसं असतात. नंबर एक चालवतो, नंबर दोन मॅगझिन बदलतो आणि गोळ्या वाहतो. तात्या नंबर एक. नंबर दोन सांगली जिल्ह्यातला एक पोरगा, तात्यांपेक्षा लहान. त्याला तंबाखूची सवय आणि तात्यांना वासाची शिसारी, त्यावरून रोज भांडण. त्या रात्री तो म्हणाला, "आज खात न्हाई जा, तुझ्यासाठी." हे सांगताना तात्या हसले. चंद्र उशिरा आला, म्हणाले. आधी नुसता अंधार आणि माणसांचा आवाज. ते येत होते, पडत होते, परत येत होते. "त्यांला दुसरी वाट न्हवती, आमच्यातनंच जायचं हुतं. आमी असतो तरी तेच केलं असतं."

नंबर दोन त्या रात्री गेला. पहाटे कधीतरी. तात्यांना कळलं ते मॅगझिनसाठी हात मागं केला आणि हातात काही आलं नाही तेव्हा.

सकाळी वरून हुकूम आला, समोरचे मोजा. तात्या म्हणाले, "मी मोजलं न्हाई. दुसऱ्यानं मोजलं."

मी पुढं काही विचारलं नाही. त्यांनी चप्पल घातली आणि गोठ्यात गेले.

उलटतपास | १६ नोव्हेंबर, रात्री ९:५०

पंचांग काढून बसलो होतो, सवय वाईट. १० डिसेंबर १९७१ म्हणजे मार्गशीर्ष वद्य अष्टमीच्या आसपास. त्या तिथीला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. तात्यांना शंभरपैकी शंभर.

ते "मी मोजलं न्हाई" तसंच्या तसं ठेवा. सुधारून लिहू नका. बोलीही बदलू नका.

वाडीची_लेक | १६ नोव्हेंबर, रात्री १०:१५

बूट विचारलेत, बरं केलंत.

त्या सांगलीच्या मुलाच्या घरी नंतर कुणी गेलं का, हे विचारलंत का? आज नको, पण कधीतरी विचारा.

नाना_बिगुल | १७ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

काकांना सॅल्यूट सांगा.

हरवलेल्या मेडलसाठी डिस्चार्ज बुकची प्रत जोडून रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करता येतो. आमची रेकॉर्ड्स बेळगावलाच. कोल्हापूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत करतात, तिथं बसलेले बहुतेक आपलेच माजी लोक. बाजारात नकली मेडलं मिळतात, ती आणून फ्रेम करू नका. फ्रेममध्ये रिकामी जागा सोडलेली चालेल.

आणि इथं वाचणाऱ्या कुणाच्या घरात दुसऱ्या महायुद्धातल्या जवानाची विधवा हयात असेल, तर राज्य सरकारचं दरमहा मानधन असतं, तिथंच चौकशी करा. वयाची नव्वदी गाठलेल्या या आज्या आहेत, त्यांना चकरा मारायला लावू नका, घरातल्या पोरानं जावं.

राजारामीय | १७ नोव्हेंबर, सकाळी ११:३०

थोडं बाजूचं. आमचे पणजोबा कोल्हापूर संस्थानच्या राजाराम रायफल्समध्ये होते. विलीनीकरणानंतर ती पलटण मराठा लाईट इन्फंट्रीत १९ वी म्हणून गेली. ज्यांचे पूर्वज ब्रिटिशांच्या नव्हे तर संस्थानच्या फौजेत होते, त्यांना सेनिओ यांनी दिलेल्या वाटेनं सगळं मिळणार नाही. त्यांनी कोल्हापूर पुरालेखागारात जाऊन बघावं, संस्थानची दफ्तरं तिथं आहेत. मोडी वाचणारा माणूस बरोबर असला तर उत्तम, कारण सगळंच काही बाळबोध नाही. एकाहत्तरच्या बातम्यांसाठी करवीर नगर वाचन मंदिरात जुन्या वर्तमानपत्रांची चौकशी करा.

दुधकट्टा | १७ नोव्हेंबर, दुपारी १२:०२

खांब वाचला. खरंच लिहिलंय. पाठ लावायचं बंद.

मिरवणुकीचं काय ठरलं पण?

तांबडापांढरा | २३ नोव्हेंबर, रात्री ८:४५

मंडळाची बैठक झाली. तात्या स्वतः गेले, काठी टेकत. म्हणाले, मिरवणूक नाही, जीप नाही, हलगी नाही. फलक लावायचाच असला तर त्यावर गावातनं जे जे फौजेत गेले त्या सगळ्यांची नावं लावा, हयात आणि गेलेले. आणि सगळ्यात वर माझ्या नंबर दोनचं नाव.

इथं फाटलं. अध्यक्ष म्हणाला, "तात्या, बाकी सगळं ऐकतो, पण तो आपल्या गावचा न्हाई. सांगलीकडच्याचं नाव आपल्या वेशीत कसं?" एकानं सुचवलं, तळाला बारीक अक्षरात टाकू. तात्या उठून चालायला लागले. मग गावातल्या एका रिटायर्ड बाईंनी, प्राथमिक शाळेत शिकवायच्या त्या, अध्यक्षाला विचारलं, "तुझ्या मंडळाच्या गणपतीची मूर्ती कुठनं आणतोस रे? पेणवरनं ना? मग ती चालते होय गावात?" पोरं हसली, अध्यक्षही हसला. नाव वर जातंय. रणगाडा काढलाय. विमान राहिलंय, त्यात अध्यक्षाचा जीव अडकलाय, तेवढं त्याला दिलं.

नावं गोळा करायला बसलो तर अपेक्षेपेक्षा बरीच निघाली. दोन घरांनी सांगितलं की त्यांच्यातला एकेक जण "बसऱ्याकडं" गेलेला, म्हणजे पहिल्या महायुद्धातला. कुणाचं पूर्ण नाव मिळत नाही, नुसतं "रामाचा बाबू" वगैरे. तसंच लिहायचं ठरलंय.

वाडीची_लेक, तुमचा प्रश्न विचारला. तात्या गेले होते. पहिल्या रजेत, घरी यायच्या आधी तिकडं उतरले. त्याच्या आईनं जेवायला वाढलं आणि विचारलं, "तंबाखू सोडली का रे त्यानं?" तात्या हो म्हणाले. पुढं ती म्हातारी असेपर्यंत दर दिवाळीला मनिऑर्डर जायची, हे काकूंना माहीत होतं, आम्हाला नाही.

आता दोन अडचणी. एक, त्याच्या गावातलं घर पडलंय, भाऊबंद मुंबईला गेले असं कळतं. फलकावर नाव लावण्याआधी त्यांना विचारायला हवं असं मला वाटतं. तात्यांना त्याचा नंबर अजून पाठ आहे, स्वतःचा विसरतात पण त्याचा सांगतात. त्यावरून घरच्यांचा पत्ता लागेल का? दोन, ते पाऊण तासाचं रेकॉर्डिंग चुलतभावानं फॅमिली ग्रुपवर मागितलंय. टाकू का?

वाडीची_लेक | २३ नोव्हेंबर, रात्री ९:१०

टाकू नका. तात्यांना विचारल्याशिवाय तर नाहीच. ग्रुपवर गेलं की उद्या कुणीतरी मागं देशभक्तीचं म्युझिक लावून स्टेटसला ठेवेल. त्यापेक्षा दोन-तीन ठिकाणी प्रत ठेवा, एक पेन ड्राइव्ह काकूंच्या हातात द्या. ज्याला ऐकायचंय त्यानं सोप्यात येऊन बसावं, शेंगा फोडाव्यात.

सेनिओ_१९४५ | २३ नोव्हेंबर, रात्री ९:३४

सहमत. आणि पेन ड्राइव्हवर भरवसा ठेवू नका, सोबत कागदावरही उतरवा. आमच्याकडं एक कॅसेट होती आजोबांच्या आवाजाची. एका दुकानात डिजिटल करायला दिली, त्यांच्याकडून फीत तुटली. कागद असता तर शब्द तरी राहिले असते.

नाना_बिगुल | २४ नोव्हेंबर, सकाळी ६:०५

नंबर असेल तर काम सोपं. रेकॉर्ड्सकडं युद्धात गेलेल्या जवानाच्या वारसाची नोंद असते. पत्ता जुना असला तरी गाव आणि तालुका मिळतो, तिथून पुढं त्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत विचारता येतं. ते तुम्हाला थेट पत्ता देणार नाहीत, देऊही नये. तुमचं पत्र त्यांच्याकडं पोचवा म्हणावं. पत्र काकांच्या सहीचं असू द्या, तुमच्या नाही, आणि पलटण, कंपनी, दोघांचे नंबर, असं सगळं लिहा. काकांना माहितीये कसं लिहायचं ते.

मी पुढच्या आठवड्यात कॅन्टीनच्या कामाला बेळगावला चाललोय, सेंटरला ओळखीचे सुभेदार साहेब आहेत, त्यांच्या कानावर घालतो. नंबर मला व्यक्तिगत संदेशात पाठवा. इथं उघड्यावर कुणाचाही सर्व्हिस नंबर, पीपीओ नंबर टाकू नका, पेन्शनरांना फसवणारे फोन आधीच कमी नाहीत.

तांबडापांढरा | २४ नोव्हेंबर, सकाळी ७:३०

पाठवला. तात्या पत्र लिहायला बसलेत. कुणाच्या नावानं लिहायचं विचारतायत, घरात कोण उरलंय ते माहीत नसताना. मी म्हटलं, "वडीलधाऱ्या मंडळींस" लिहा. म्हणाले, "आता तिथं वडीलधारं कोण असणार, मीच असंन."